मागील रीडिंग, चालू रीडिंग

मीटरकाकांनी एकतीस वर्षं लोकांच्या दारातली लोखंडी झाकणं उचलली. झाकणाखाली ओला अंधार, कधी गोगलगाय, कधी बेडूक, आणि मधोमध पाण्याचं मीटर. अंगठ्याने काच पुसायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, झाकण पुन्हा लावायचं. वहीत दोन रकाने छापलेले असायचे: मागील रीडिंग, चालू रीडिंग. तिसरा रकाना नव्हता. कुणी किती पाणी वापरलं ही वजाबाकी ऑफिसात व्हायची. खिडकीपाशी बसणाऱ्या दोन बायका ती करायच्या. त्यांना काकांनी एकतीस वर्षांत पाच-सहा वेळाच पाहिलं असेल, तेही पाठमोरं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका घरचा आकडा फार पुढे गेलेला दिसला. घरात एकटी म्हातारी. काकांनी दारातच वजाबाकी करून तिला सांगितलं, आजी, तुमचा पाइप कुठेतरी गळतोय. म्हातारी घाबरली आणि थेट ऑफिसात जाऊन बसली. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. "तुझं काम आकडा बघायचं. त्याचा अर्थ लावायला इथे माणसं आहेत." पाइप खरोखरच गळत होता, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यानंतर काकांनी दारात कधी वजाबाकी केली नाही. पुढेपुढे मनातही करेनासे झाले.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी वाचनालयात एक भाषण ऐकलं. ऐकलं म्हणजे, ते वर्तमानपत्र वाचायला गेले होते आणि भाषण चालू झाल्यावर उठून जाणं बरं दिसलं नसतं. बाहेरून आलेल्या एक बाई चतुर या उडत्या किड्यांविषयी बोलत होत्या. चतुराचं सगळं बालपण पाण्याखाली जातं, म्हणाल्या. तळाच्या चिखलात एक तपकिरी, बेढब किडा वर्ष-दोन वर्षं काढतो. मग एका पहाटे लव्हाळ्याच्या काडीवर चढतो, पाठ उकलते, आणि आतून चतुर बाहेर येतो. पंख वाळले की निघून जातो. कात तिथेच राहते, काडीला सहाही पायांनी घट्ट धरून. "उडणारे चतुर मोजू नका," बाई म्हणाल्या, "एकच चतुर तुमच्यासमोरून दहा वेळा जाईल आणि तुम्ही दहा लिहाल. काती मोजा. कात एकदाच मोजली जाते, कारण तुम्ही ती काढून आणता."

एकदाच मोजली जाते, हे काकांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन जुन्या पंपघरामागच्या तळ्यावर गेले आणि चौदा काती घेऊन परतले. घरात ऑफिसातून आणलेलं एक कोरं रजिस्टर होतं. त्यात त्यांनी लिहिलं: मागील रीडिंग ०, चालू रीडिंग १४. चार दिवसांनी तेवीस मिळाल्या. मागील १४, चालू ३७. आकडा दुसऱ्या कुठल्या रीतीने लिहितात हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

असं अकरा वर्षं चाललं. वर्ष बदललं तरी मीटर काही शून्यावर येत नाही, तसा तो आकडाही आला नाही, पुढे पुढेच जात राहिला. त्या वर्षीच्या काती त्या वर्षीच्या खोक्यात, खोकी माळ्यावर. काकू घरी शिवणकाम करायच्या. त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, "लोकांच्या माळ्यावर जास्तीच्या गाद्या असतात. आमच्याकडे किड्यांचे उतरलेले कपडे."

काकांचं बघून तळ्याभोवती आणखी काही माणसं जमली होती. दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर त्यांचा अध्यक्ष झाला, कारण त्याला अध्यक्ष व्हायचं होतं आणि बाकी कुणाला नव्हतं. मंडळाची रीतसर नोंदणी झाली. सभासद नऊ, येणारे चार. तळ्याच्या वरच्या अंगाला ट्रक धुण्याची जागा झाली होती, आणि तिथलं काळं पाणी एका उघड्या नालीतून सरळ तळ्यात उतरायचं. मंडळाला नालीच्या तोंडाशी एक गाळणी करायची होती: सिमेंटचा खड्डा, त्यात पाणी थांबेल, गाळ बसेल, पुढे पाणकणसाच्या दाट पट्ट्यातून ते हळूहळू तळ्यात झिरपेल. चार म्हाताऱ्यांच्या खिशातून होण्यासारखं ते काम नव्हतं. आणि न केलं तर दोन-तीन वर्षांत तळ्याचं डबकं होणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

म्हणून कंपाउंडर ती जाहिरात घेऊन आला, तेव्हा त्याने ती छातीशी धरली होती. हवामान आणि जैवविविधतेची कामं करणाऱ्या लहान स्थानिक संस्थांना अनुदान. दोन याद्या होत्या. एक धोक्यात आलेल्या जागांची, तिची मुदत आठवड्यापूर्वीच संपली होती. दुसरी, जिथे काम करून फरक पडला आहे अशा जागांची.

"आपले आकडे वर जातायत ना?" कंपाउंडर म्हणाला. "मग आपण दुसऱ्या यादीतले."

चौदा पानांचा फॉर्म सुनेने भरला. मुलगा बोटीवर असायचा, आठ-आठ महिने. सून दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची आणि तिला फॉर्मची भीती नव्हती. "माणसं कण्हत असताना मी त्यांच्याकडून फॉर्म भरून घेते," ती म्हणायची, "हा निदान कण्हत नाही." नवव्या पानावर सुरुवातीपासूनच्या नोंदी हव्या होत्या.

"बाबा, दर वर्षाचा शेवटचा आकडा कुठला घेऊ?"

काका सायकलची साखळी बसवत होते. "शेवटच्या ओळीतला. उजव्या हाताचा."

तिने अकरा आकडे उतरवले आणि कॉम्प्युटरवर त्यांची रेघ काढली. रेघ छान वर चढत होती. काकांनी 'नोंद ठेवणारा' या शब्दांपुढे सही केली. कागद ऑफिसात गेला की तिथे कुणीतरी तो वाचतं, अशी त्यांची समजूत होती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. कंपाउंडरला बोलावून घेतलं, काकूंनी चहा टाकला, सुनेने पत्र मोठ्याने वाचलं. "आपल्या तळ्यावरील चतुरांची संख्या अकरा वर्षांत ४१२ वरून २४३२ वर गेली आहे, म्हणजे जवळपास सहापट. अलीकडे ही वाढ स्थिरावलेली दिसते. हे निरोगी तळ्याचं लक्षण आहे, असं समितीला वाटतं." गुरुवारी निधीच्या अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी होकार दिला की अनुदान मंजूर.

कंपाउंडर उठून उभा राहिला होता. बहुधा भाषणासाठी.

"चोवीसशे बत्तीस कुठे?" काका म्हणाले. "ते रीडिंग आहे."

"रीडिंग म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे, सगळे मिळून."

सुनेने पत्र खाली ठेवलं. तिला सगळ्यात आधी कळलं, आणि कळलेलं तिच्या चेहऱ्यावर उतरायला थोडा वेळ लागला. "मग या वर्षीचे किती, बाबा?"

"ते काढावं लागेल," काका म्हणाले, आणि आपण ते कधीच काढलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

पाकिटाच्या मागे सुनेने वजाबाक्या मांडल्या. पहिल्या वर्षी चारशे बारा. मग तीनशे एक्याण्णव. तीनशे अडुसष्ट. तीनशे एक. तिथून उतार. दोनशे सहासष्ट, दोनशे चाळीस, एकशे एकाहत्तर, एकशे वीस, त्र्याऐंशी, एकोणपन्नास. शेवटचा आकडा लिहायला तिने उगाच वेळ लावला. एकतीस.

समितीला जी रेघ स्थिरावलेली वाटली, ती तशी दिसत होती. कारण आता तिच्यात घालायला फारसं काही उरलं नव्हतं.

"चूक माझी आहे," सून म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

"तू बरोबर उतरवलंस. कशासाठी हवंय हे मी विचारलं नाही."

कंपाउंडर परत बसला. चहाचा कप त्याने बशीत फिरवला. "हे बघा काका. ही गोष्ट या खोलीत चौघांना माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"उघडली की एकतीस," काकू म्हणाल्या.

"वहिनी, थट्टा नको. मी सरळ विचारतो. गाळणी झाली तर चतुर वाचतील. खरं बोललो तर गाळणी होणार नाही आणि चतुर जातील. आता सांगा, तळ्याच्या बाजूने कोण आहे? मी की तुम्ही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या घराच्या दारात मीटरचं लोखंडी झाकण होतं, जरा तिरकं बसलेलं. नव्या माणसाला ते नीट बसवता येत नव्हतं.

"गुरुवारपर्यंत विचार करा," कंपाउंडर म्हणाला. "आणि विचार करून गप्प बसा."

बुधवारी दुपारी काकांनी माळ्यावरून खोकी उतरवली. काकू खालून एकेक घेत होत्या. भिंतीला लावून त्यांनी ती वर्षांप्रमाणे मांडली. पहिल्या वर्षाची दोन, गुडघाभर उंच बुटांची खोकी. दुसऱ्याची, तिसऱ्याची तशीच. मग एकेकच. मग सपातांचं खोकं. मग मिठाईचं, मग साबणाचं. अकराव्या वर्षाच्या काती चष्म्याच्या घरात होत्या.

काकू बराच वेळ ती रांग बघत होत्या. खोलीभर तळ्याचा सुका वास पसरला होता. "दर वर्षी खोकं कोण निवडत होतं?"

"मीच."

"दर वर्षी आधीच्यापेक्षा लहान."

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"दिसत होतं," काका म्हणाले.

"मग?"

"लिहायला रकाना नव्हता."

काकू जमिनीवर बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसायला आणि तिथून उठायला त्रास व्हायचा, त्यामुळे बसल्या म्हणजे काहीतरी ठरवून. "रकाना आखायला पट्टी लागते," त्या म्हणाल्या. "घरात चार पट्ट्या आहेत. मागितली असतीत तर मी दिली असती."

काकांनी चष्म्याचं घर उघडलं. काती एकमेकींत पाय अडकवून पडल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर एक चीर. आतलं जे होतं ते निघून गेलं होतं, तरी धरायचं म्हणून त्या काहीतरी धरून होत्या. त्यांनी घर मिटलं. त्या रात्री त्यांना नेहमीसारखीच झोप लागली, याचं त्यांना सकाळी नवल वाटलं.

गुरुवारी अधिकारी बाई आल्या. चाळिशीच्या, चिखलाचे बूट, खांद्याला जड पिशवी. तळ्यावर कंपाउंडर इस्त्रीच्या शर्टात पुढे चालत होता आणि हात लांब करून सगळं दाखवत होता. पाण्यावर तेलाचा तवंग होता, उन्हात त्याला मोराचे रंग चढले होते. बाई वाकून बघत होत्या.

"हे पाणी बघून इतके चतुर असतील असं मला वाटलं नसतं," त्या म्हणाल्या.

"हंगाम सरत आलाय ना," कंपाउंडर म्हणाला, आणि त्याने काकांकडे बघितलं. काका लव्हाळ्याच्या काड्या चाळत होते. सवयीने. काही मिळालं नाही.

चहाला सगळे घरी आले. खोकी अजून भिंतीशीच होती. ती उचलायला काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि काकूंनी सकाळी त्यांच्या अवतीभवती झाडून घेतलं होतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"वर्षं," काका म्हणाले. "डावीकडून."

मग त्यांनी सांगितलं. फार थोड्या शब्दांत, दारात उभं राहून आकडा सांगावा तसं. दोन रकाने, पुढे जाणारा आकडा, नवव्या पानावर गेलेलं रीडिंग. पाकिटावरच्या वजाबाक्या त्यांनी बाईंपुढे ठेवल्या. कंपाउंडर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. घड्याळ बंद होतं.

बाईंनी रजिस्टर मागून घेतलं आणि पानं उलटली. मग चष्म्याचं घर घेतलं, मांडीवर रुमाल पसरला आणि एकेक कात बोटाने बाजूला केली.

"तीस."

"एक कोपऱ्यात आहे. लहान आहे ती."

बाईंनी पुन्हा बघितलं. "एकतीस." घर मिटून त्यांनी काकांच्या हातात दिलं. "तुम्ही सांगितलं नसतं, तर सोमवारी मी सही केली असती."

"तुमच्या ऑफिसात वजाबाकी कुणीतरी केलीच असती," काका म्हणाले.

"नाही काका. आमच्याकडे कुणी करत नाही. येतो तो आकडा आम्ही पुढच्या कागदावर लिहितो."

काकांना ती खिडकी आठवली, पाठमोऱ्या दोन बायका आठवल्या. इतकी वर्षं त्यांनी त्या दोघींच्या भरवशावर आकडे लिहिले होते. तळ्याच्या आकड्यांच्या वेळी त्या खिडकीत कुणी बसलेलंच नव्हतं.

"या यादीत आता तुम्ही बसत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "धोक्यातल्या जागांची यादी वसंतात उघडेल. मी काही कबूल करत नाही. पण हे फेकू नका." त्यांनी खोक्यांकडे बोट केलं. चहा मात्र त्यांनी पुरता संपवला.

दीड महिन्याने तीन ओळींचं पत्र आलं. आपला अर्ज या फेरीत विचारात घेता येत नाही. खाली शाईने, हाताने लिहिलेली चौथी ओळ होती: पुढच्या अर्जाला खोक्यांचा फोटो जोडा.

कंपाउंडर महिनाभर फिरकला नाही. वाटेत दिसला तर समोरच्या दुकानातल्या वस्तू निरखायचा. मग एका सकाळी दारात फावडं आपटल्याचा आवाज आला.

"अनुदान नाही, तर निदान घाम तरी गाळू," तो म्हणाला. "तुम्ही खरं बोललात म्हणून तळं काही आपोआप स्वच्छ होत नाही."

"मी कधी म्हटलं होतं?"

"म्हणाला नाहीत. पण तोंड तसं केलं होतंत."

चौघांनी मिळून नालीच्या तोंडाशी खड्डा खणला. सिमेंट नव्हतं, म्हणून दगड रचले. दूरच्या ओढ्यावरून पाणकणसाचे कंद आणून लावले. पहिल्या जोराच्या पाण्याने अर्धी भिंत वाहून गेली. ती त्यांनी पुन्हा रचली, आधीपेक्षा वाकडी. ही काही गाळणी नव्हती. पण खड्ड्यात थोडा काळा गाळ साचू लागला होता, तेवढा तळ्यात जात नव्हता.

वसंतात यादी उघडली. सुनेने दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत फॉर्म पुन्हा भरला. या वेळी तिने काकांना प्रत्येक पान वाचून दाखवलं आणि प्रत्येक पानावर त्यांनी विचारलं, "हे कशासाठी हवंय त्यांना?" उत्तर अजून यायचं होतं. सुट्टीच्या दिवशी सून काकांबरोबर तळ्यावर जाऊ लागली. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला ती नव्या पाणकणसाशी वाकली आणि तशीच राहिली.

"बाबा, ही आहे का?"

होती. पानाच्या खालच्या अंगाला, ओली असल्यासारखी चकाकत.

घरी रजिस्टर उघडलं. काकूंनी आपल्या शिवणाच्या पट्टीने तिसरा रकाना आखून ठेवला होता, साऱ्या पानांवर, शेवटपर्यंत. सुनेने पेन घेतलं. मागील रीडिंग २४३२. चालू रीडिंग २४३३. मग तिने काकांकडे बघितलं.

"लिही," काका म्हणाले. "एक."

ती लिहीत होती तोवर ते माळ्यावर चढले. काकूंनी बटणांची एक डबी रिकामी करून हातात धरली होती, पण काका उतरले ते गुडघाभर उंच बुटांचं रिकामं खोकं घेऊन. त्याच्या तळाशी त्यांनी ती एक कात ठेवली.

"एवढ्या मोठ्यात हरवेल ती," काकू म्हणाल्या.

"राहू दे," काका म्हणाले.

काकूंनी डबीत बटणं परत भरली, एकेक करून, आणि खोकं ठेवायला माळ्यावर जागा केली.